आधारची झेरॉक्स आणि मोबाइल नंबर : देण्याआधी आणि दिल्यानंतर

कोल्हापुरात दसरा चौकाच्या अलीकडं माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. सकाळी शटर वर गेलं की हातात येणारा पहिला कागद बहुतेक वेळा कुणाचं तरी आधार कार्ड असतं. "ताई, दोन मारा की." पुढची-मागची बाजू एकाच पानावर, दोन प्रती. कशाला लागतात, कुठं द्यायच्या, हे फार कमी लोक सांगतात, कारण त्यांनीही समोरच्याला ते विचारलेलं नसतं.

गेल्या पावसाळ्यात गोकुळ शिरगाव एमआयडीसीत लेथवर काम करणारा एक पोरगा घरकर्जाचे कागद घेऊन आला. पगाराच्या स्लिपा, फॉर्म १६, बँकेचं स्टेटमेंट, सगळं नीट लावून दिलं. आठ दिवसांनी तोंड पाडून परत आला. बँकेनं कर्ज अडवलं होतं. त्याच्या नावावर एका मोबाइलचं हप्त्यावरचं कर्ज निघालं, त्याचे सात हप्ते थकलेले. त्यानं खिशातला फोन काढून काउंटरवर ठेवला. "ताई, बघा की, काच फुटल्याली हाय दोन वर्षं. मी कुठला नवीन घेतोय?"

त्याचा कागद कुठून गेला हे त्याला आठवेना, आणि मलाही खात्रीनं सांगता येणार नाही. आम्ही दोघं मोजायला बसलो तेव्हा दोन वर्षांत त्यानं आधार-पॅनची झेरॉक्स अकरा ठिकाणी दिल्याचं निघालं. सिमकार्डवाल्याच्या छत्रीखाली, खोलीमालकाला, ठेकेदाराच्या ऑफिसात, दोन पतसंस्थांत, जिममध्ये, नरसोबाच्या वाडीला जाताना मुक्काम केला त्या लॉजवर. त्याच दोन वर्षांत "लोन हवंय का सर" असे फोन रोज येऊन तो वैतागला होता. त्याला या दोन वेगळ्या गोष्टी वाटत होत्या. मला नाही वाटत. जाहिरातीचा फोन करणाऱ्याकडं तुमचं नाव, नंबर आणि तुम्हाला पैशांची गरज आहे ही खबर असते. फसवणाऱ्यालाही सुरुवातीला एवढंच लागतं. म्हणून दोन्ही एकत्र लिहिते आहे. ज्यांनी आजवर यातलं काहीच केलेलं नाही त्यांनी वरून खाली क्रमानं करत जावं.

पहिलं काम : १९०९

जाहिरातीचे फोन-मेसेज नकोत अशी नोंद, म्हणजे डीएनडी, करायला ज्या सिमवर त्रास आहे त्याच सिमवरून १९०९ या नंबरला एसएमएस पाठवा. मजकूर इंग्रजी मोठ्या अक्षरांत लिहायचा : स्टार्ट, मग एक जागा सोडून शून्य. फोनमध्ये दोन सिम असतील तर दोन्हींवरून वेगवेगळा पाठवा. नोंद नंबराची होते, माणसाची नाही. टाइप करायला जमत नसेल तर १९०९ला फोन लावूनही नोंद करता येते. माझ्याकडं येणाऱ्या वयस्कर मंडळींना मी तेच सांगते. नोंद झाल्याचा मेसेज येतो, आणि परिणाम दिसायला काही दिवस जातात.

यानं ओटीपी बंद पडेल का, हा प्रश्न मला रोज विचारतात. पडत नाही. बँकेचे, गॅसचे, पार्सलचे व्यवहाराचे मेसेज चालूच राहतात, थांबतात ते जाहिरातीचे. सगळं बंद नको, फक्त जागेचे नाहीतर कर्जाचे फोन नकोत असं असेल तर ट्रायच्या, म्हणजे मोबाइल कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेच्या, डीएनडी ॲपमध्ये प्रकार निवडता येतात. माझं मत विचाराल तर सगळंच बंद करा. घर घ्यायचं असलं तर माणूस स्वतः बिल्डरकडं जातोच.

तरीही फोन येतात, मग लोक म्हणतात की डीएनडी काही कामाचं नाही. ते का येतात हे समजून घ्या. एक, तुम्ही एखाद्या कंपनीला फॉर्मवर टिक करून परवानगी दिली असेल तर त्या कंपनीला डीएनडी अडवत नाही, तिथली परवानगी तुम्हालाच मागं घ्यावी लागते. जाहिरातीच्या मेसेजमध्ये नकार कळवायची सोय द्यायची, असा नियम २०२५मध्ये आला आहे, ती वापरा. दोन, जे साध्या दहा आकडी नंबरवरून फोन करतात ते मुळातच नियम मोडत असतात. त्यांच्यावर तक्रार हाच उपाय आहे.

ही तक्रार कुणी करत नाही, म्हणून त्यावर थोडं जास्त लिहिते. फोन आला की सात दिवसांच्या आत ट्रायच्या डीएनडी ॲपमध्ये किंवा १९०९वर तक्रार टाका. नंबर, तारीख आणि फोन कशाबद्दल होता त्याची एक ओळ, एवढंच लागतं. आधी ही मुदत तीन दिवसांची होती. ट्रायच्या नियमांतल्या फेब्रुवारी २०२५च्या दुरुस्तीनं ती वाढली, आणि नोंदणी न केलेल्या नंबरवरून त्रास देणाऱ्यांविरुद्ध डीएनडी न घेतलेल्या माणसालाही तक्रार करता येऊ लागली. त्याच दुरुस्तीनं आणखी एक बदल झाला : दहा दिवसांत पाच तक्रारी झाल्या तरी त्या नंबरवर कारवाई सुरू करता येते. म्हणजे तुमची एक तक्रार पाचातली एक आहे. नुसतं ब्लॉक केलंत तर तो तुमच्यापुरता बंद होतो आणि शेजारच्या मावशींना लागतो.

नंबर ओळखायची सवयही लावून घ्या. १४०ने सुरू होणारा नंबर जाहिरातीचा. बँका, विमा कंपन्या आणि सरकारी खाती यांच्या कामाच्या फोनसाठी १६०० अशी मालिका ठेवली आहे. मेसेज पाठवणाऱ्याच्या नावाच्या शेवटी हल्ली आडवी रेघ आणि एक इंग्रजी अक्षर असतं : पी म्हणजे जाहिरात, एस म्हणजे सेवा, टी म्हणजे व्यवहार, जी म्हणजे सरकार. "तुमचं खातं आज बंद होणार" असा मेसेज साध्या दहा आकडी नंबरवरून आला तर तो बँकेचा नाही, तिथंच सोडून द्या.

व्हॉट्सॲपला हे काही लागू होत नाही. तिथं ज्याचा त्रास आहे त्याच्या चॅटमध्येच ब्लॉक आणि रिपोर्ट करा, आणि सेटिंगमध्ये जाऊन ग्रुपमध्ये आपल्याला फक्त ओळखीच्यांनीच घ्यावं असं ठेवा.

दुसरं काम : काउंटरवर नंबर न सांगणं

हे काम सोपं आहे, पण आपल्याला भिडेखातर जमत नाही. महाद्वार रोडला साडी घेतली, राजारामपुरीत बूट घेतले, की बिलाआधी प्रश्न येतो, "नंबर सांगा मॅडम." आपण मागच्या रांगेला ऐकू जाईल असा मोठ्यानं नंबर सांगतो, वर नावही सांगतो. ग्राहक व्यवहार मंत्रालयानं मे २०२३मध्येच दुकानदारांना कळवलं आहे की नंबर दिल्याशिवाय बिल देणार नाही, असा आग्रह धरता येणार नाही. भांडायची गरज नाही. मी एवढंच म्हणते, "नंबर नको, कागदावर बिल द्या." दहातले नऊ जण निमूट देतात. एखादा अडलाच तर ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे.

त्याहून मोठी गळती बक्षिसाच्या चिठ्ठ्यांची. दिवाळीत, प्रदर्शनात, मॉलच्या दारात काचेची पेटी ठेवलेली असते. नाव, नंबर, जन्मतारीख, लग्नाचा वाढदिवस, महिन्याचं उत्पन्न, स्वतःचं घर की भाड्याचं. स्कूटर लागेल म्हणून आपण घरातल्या चौघांच्या नावानं चार चिठ्ठ्या टाकतो. ती पेटी पुढं कुठं जाते हे कुणी विचारतं का? जन्मतारीख आणि नंबर एकत्र कुणालाही देऊ नका. बँकेच्या कॉल सेंटरमध्ये ओळख पटवताना या गोष्टीही विचारतात.

जमत असेल तर दोन नंबर ठेवा. एक फक्त बँक, आधार, पॅन आणि घरच्यांसाठी, दुसरा दुकानं, पार्सल, भिशीचा ग्रुप, शाळेचा ग्रुप यांच्यासाठी. पण मग दोन्हींचं रिचार्ज चुकवायचं नाही. तीन महिने वापर नसलेला नंबर कंपनी बंद करू शकते आणि काही काळानं तोच नंबर दुसऱ्या कुणाला तरी मिळतो. तुमचा जुना नंबर अजून बँकेत लागलेला असेल तर तुमचे ओटीपी परक्याच्या खिशात वाजतील. कोल्हापुरात नोकरीला, शिकायला आलेली मुलं इथं नवं सिम घेतात आणि गावचं सोडून देतात. त्यांनी जुना नंबर सोडायच्या आधी बँकेत, आधारला, डीमॅटला, पीएफला नवा लावून घ्यावा.

तिसरं काम : झेरॉक्स

इथं मी माझ्या धंद्यातलं उघड सांगते. झेरॉक्स काळी आली, तिरकी आली की ती बाजूच्या खोक्यात जाते. पूर्वी तो खोका भरला की आम्ही रद्दीत घालत होतो. कुणाचं वाईट करायचा विचारही मनात नव्हता, कागद वाया जाऊ नये एवढंच. एकदा रंकाळ्यावर भेळ घेतली. पुड्याचा कागद उलगडला तर आत शाळेच्या दाखल्याची झेरॉक्स, मुलीचं नाव, आईचं नाव, जन्मतारीख, सगळं स्वच्छ. माझ्या दुकानातली नव्हती, पण असू शकली असती. भेळ तशीच ठेवून घरी आले. त्या दिवसापासून खराब प्रत गिऱ्हाइकाच्या हातात देते किंवा त्याच्यासमोर बारीक फाडते. तुम्हीही मागा. "ताई, ती खराब झालेली द्या हिकडं," एवढं म्हणायला लाजू नका.

आता प्रत द्यायची कशी. मायआधारच्या संकेतस्थळावरून आधार डाउनलोड करताना मास्क्ड आधार असा पर्याय येतो. त्यात पहिले आठ आकडे झाकलेले असतात, शेवटचे चार दिसतात. लॉजवर, खोलीमालकाला, जिमला, जिथं फक्त हा माणूस तोच आहे का एवढं बघायचं आहे, तिथं मास्क्ड आधारच द्या. सरकारी योजनेचं अनुदान किंवा बँक खातं यांच्यासाठी पूर्ण नंबर लागू शकतो, तिथं द्यावा. जिथं आधारच हवं असं नाही तिथं गाडीचं लायसन्स किंवा मतदान ओळखपत्र पुढं करा. आधार सगळीकडं लागतं हा आपला समज आहे.

प्रत दिलीच तर तिच्यावर पेनानं तिरकं लिहा : कशासाठी, कुणाला, तारीख, सही. "फक्त खोलीभाडे करारासाठी, १२ जून." ओळी फोटोच्या आणि अक्षरांच्या अंगावरून जाऊ द्या, पण मजकूर वाचता आला पाहिजे. यानं चोरी थांबेलच असं मी म्हणत नाही. पण तीच प्रत कर्जाच्या अर्जाला जोडायची झाली तर जोडणाऱ्याला अडचण येते, आणि उद्या भांडायची वेळ आली तर कागद कुठून फुटला ते दिसतं. त्या लेथवाल्या पोराला हेच सिद्ध करता येत नव्हतं.

मोबाइलवरून प्रिंट काढणाऱ्यांसाठी आणखी एक. फाइल दुकानाच्या व्हॉट्सॲपला पाठवली की ती आमच्या संगणकात उतरते आणि तिथंच पडून राहते. एकदा डाउनलोडचा फोल्डर उघडला तर चारशेच्या वर फाइली होत्या, आधार, पॅन, पासबुकं, कुणाच्या तरी घटस्फोटाचे कागदसुद्धा. आता प्रिंट झाली की गिऱ्हाइकासमोर फाइल पुसते, रिसायकल बिनमधूनही पुसते, चॅटमधूनही काढते. तुम्ही दुकानदाराला तसं करायला सांगा आणि होईपर्यंत थांबा. फाइलीला पासवर्ड आहे म्हणून निर्धास्त राहू नका. ई-आधारचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्मसाल. ज्याच्याकडं तुमच्या आधारची झेरॉक्स आहे त्याला तो पासवर्ड आधीच माहीत आहे. दुकानातल्या संगणकावर मेल किंवा डिजिलॉकर उघडलं असेल तर लॉगआउट स्वतःच्या हातानं करा.

चौथं काम : कुलपं लावणं

ज्या प्रती आजवर देऊन झाल्या त्या परत येणार नाहीत. म्हणून आता त्यांचा उपयोग होऊ नये अशी सोय करायची.

आधी आपल्या नावावर किती सिम आहेत ते बघा. संचार साथी हे दूरसंचार विभागाचं संकेतस्थळ मे २०२३मध्ये सुरू झालं, त्याचं ॲपही आहे. त्यात आपल्या नावावरची मोबाइल कनेक्शनं बघायचा पर्याय निवडा, नंबर टाका, ओटीपी टाका. यादी येते. प्रत्येक नंबरासमोर तीन पर्याय असतात : माझा नाही, लागत नाही, लागतो. ओळखीचा नसेल त्यावर "माझा नाही" करून कळवा. एका माणसाच्या नावावर आपल्याकडं जास्तीत जास्त नऊ सिम असू शकतात. कसबा बावड्याच्या एक आजी पेन्शनच्या हयातीच्या दाखल्याला आल्या होत्या, सहज त्यांचं बघितलं तर पाच निघाली. त्या बटणांचा एकच फोन वापरतात. "मी तर एकच घेतलो बाई, बाकीची कुणाची?" दोन नातवाची निघाली. उरलेली दोन कुणाची ते आजतागायत कळलं नाही, तिथंच बंद करायला टाकली. तुमच्या नावावरच्या सिमवरून कुणी कुणाला फसवलं तर पोलीस आधी तुमच्या दारात येतील.

मग आधारचं बायोमेट्रिक लॉक. एमआधार ॲपमध्ये किंवा मायआधारवर हा पर्याय आहे. लॉक केलं की तुमच्या बोटांचे ठसे, डोळ्याची बाहुली आणि चेहरा यांवर कुणालाच ओळख पटवता येत नाही, ओटीपी मात्र चालतो. हे कशासाठी? बँक मित्राकडं, म्हणजे बँकेनं नेमलेल्या माणसाकडं, अंगठा लावून पैसे काढता येतात तेव्हा आधार नंबर, बँकेचं नाव आणि अंगठा एवढंच लागतं, ओटीपी लागत नाही. देशात काही ठिकाणी जमिनीच्या नोंदणीकृत दस्तांवरचे अंगठ्याचे ठसे उचलून, त्यांचे रबरासारखे साचे करून लोकांच्या खात्यातून पैसे काढल्याचे गुन्हे उघडकीस आले आहेत. दस्तावर बऱ्याचदा आधार नंबरही असतो आणि ठसाही. ज्यांनी जागेची, शेतीची खरेदी-विक्री केली आहे त्यांनी हे लॉक आजच लावावं. पण घरातलं कुणी अंगठा लावूनच रेशन किंवा पेन्शन घेत असेल तर त्या दिवशी लॉक तात्पुरतं उघडून द्यावं लागतं. ते घरात कुणाला तरी शिकवून ठेवा, नाहीतर म्हातारं माणूस रेशन दुकानातून मोकळ्या हातानं परत येतं. आपलं आधार कुठं कुठं वापरलं गेलं याची मागच्या सहा महिन्यांची यादीही मायआधारवर दिसते. काही अडलं तर आधारची हेल्पलाइन १९४७.

व्हॉट्सॲपला टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा सहा आकडी पिन लावा. लिंक्ड डिव्हायसेसमध्ये जाऊन अनोळखी संगणक जोडलेला असेल तर काढून टाका. दोन मिनिटांचं काम आहे.

पाचवं काम : वर्षातून एकदा स्वतःचा क्रेडिट रिपोर्ट

आपल्या नावावर कुणी कर्ज काढलं तर ते कळायचा हा खात्रीचा मार्ग, आणि माझ्याकडं येणाऱ्या शंभरातल्या दोघांनाही तो माहीत नसतो. देशात चार संस्था प्रत्येकाच्या कर्जांची आणि हप्त्यांची नोंद ठेवतात, तिचा उतारा म्हणजे क्रेडिट रिपोर्ट : सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार जानेवारी २०१७पासून प्रत्येक संस्थेनं प्रत्येक माणसाला वर्षातून एक पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा आहे. चौघांकडं मिळून वर्षाला चार होतात. दर तीन महिन्यांनी एकाकडून मागवला तर वर्षभर नजर राहते.

रिपोर्ट त्या संस्थेच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच घ्या. "एका मिनिटात फुकट स्कोअर" म्हणणारी ॲपं आणि जाहिराती टाळा. तिथं नंबर टाकला आणि अटींवर टिक केली की दुसऱ्या दिवसापासून कर्जाचे फोन सुरू, आणि परवानगी तुम्हीच दिलेली म्हणून डीएनडीही हात वर करतं. संस्थेच्या संकेतस्थळावरही पैसे भरायची योजना समोर आणून ठेवतात, तिच्याखाली वर्षाच्या फुकट रिपोर्टचा दुवा शोधा.

रिपोर्ट हातात आला की स्कोअर शेवटी बघा. आधी खात्यांची यादी वाचा, न घेतलेलं एखादं कर्ज किंवा कार्ड आहे का. मग पत्ते. तुम्ही मंगळवार पेठेत राहता आणि रिपोर्टात परराज्यातला पत्ता असेल तर काहीतरी गडबड आहे. मग चौकश्या, म्हणजे कुठल्या कंपनीनं तुमच्या कर्जाच्या अर्जावरून तुमची माहिती मागवली. तुम्ही अर्जच केलेला नसताना चौकशी दिसली तर कुणीतरी प्रयत्न करतंय, आणि अजून वेळ गेलेली नाही.

चूक दिसली तर त्याच संकेतस्थळावर वाद नोंदवा आणि त्याचा क्रमांक जपून ठेवा. ज्या कंपनीनं कर्ज दाखवलंय तिलाही लेखी कळवा, अर्जाची प्रत, सही आणि फोटो मागा. तीस दिवसांत दुरुस्ती झाली नाही तर त्यापुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाईची तरतूद रिझर्व्ह बँकेनं केली आहे. आमच्या त्या पोरानं हेच केलं. कंपनीनं शेवटी अर्ज दाखवला तेव्हा त्यावरचा फोटो दुसऱ्याच माणसाचा होता, सही इंग्रजीत होती. हा सही मराठीत करतो. नोंद निघायला अडीच महिने गेले आणि तोवर त्यानं बघून ठेवलेला फ्लॅट दुसऱ्यानं घेतला.

सहावं काम : लिंक आणि फाइल

सध्या बरीच फसवणूक व्हॉट्सॲपवर येणाऱ्या एपीके, म्हणजे फोनमध्ये ॲप बसवणाऱ्या, फाइलींतून होते. लग्नपत्रिका, वाहनाचं चलन, पीएम किसानचा हप्ता, असलं नाव असतं. पत्रिका कधी ॲप म्हणून येत नाही. फोटो किंवा पीडीएफ असेल तर असेल. फाइलीच्या नावाच्या शेवटी एपीके असेल तर ती पाहुण्याच्या नंबरवरून आलेली असली तरी उघडू नका, आधी पाहुण्याला साधा फोन लावा. बहुतेक वेळा त्याचाच फोन आधी चोरांच्या ताब्यात गेलेला असतो.

लाडकी बहीणच्या ई-केवायसीच्या दिवसांत बायका माझ्याकडं लिंका घेऊन यायच्या. मी त्यांना पत्ता वाचायला शिकवलं, तुम्हीही शिका. सुरुवातीचं एचटीटीपीएस आणि त्यापुढच्या दोन तिरक्या रेघा सोडून, त्यानंतरच्या पहिल्या तिरक्या रेघेच्या आधी पत्ता कशावर संपतो ते बघायचं. या योजनेचा असेल तर महाराष्ट्र डॉट जीओव्ही डॉट इन. मधे कुठंतरी महाराष्ट्र लिहिलंय आणि शेवट वेगळाच, तर ते खोटं. बँकांना रिझर्व्ह बँकेनं ऑक्टोबर २०२५च्या अखेरपर्यंत डॉट बँक डॉट इन या शेवटावर जायला सांगितलं होतं, त्यामुळं बँकेचा पत्ताही आता शेवटावरून ओळखता येतो. बँकेचा नंबर गुगलवर शोधू नका, पासबुकावर किंवा कार्डाच्या मागं छापलेला असतो तोच वापरा. यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच लागत नाही.

आणि "डिजिटल अरेस्ट" नावाची कुठलीही अटक कायद्यात नाही. व्हिडिओ कॉलवर खाकी कपड्यातला माणूस कितीही दरडावू दे, तो फोन ठेवायचा आणि घरात कुणाला तरी सांगायचं. यात शिकलेली, निवृत्त माणसं जास्त सापडतात, कारण त्यांना अब्रूची भीती दाखवली जाते. घरातल्या मोठ्यांशी हे आधीच बोलून ठेवा.

झालंच तर

पैसे गेले असतील तर आधी १९३०ला फोन लावा. रडत बसू नका, कुणी काय म्हणेल याचा विचार करू नका. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिसऱ्यात असे पळवतात, लवकर कळलं तर वाटेतल्या खात्यात गोठवता येतात. तासाभरात फोन केलेल्याचे पैसे अडतात तेवढे दुसऱ्या दिवशी केलेल्याचे अडत नाहीत. जवळ ठेवा : खातं नंबर, किती रक्कम, किती वाजता, व्यवहाराचा क्रमांक. तक्रारीचा क्रमांक मिळतो तो लिहून घ्या आणि सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या संकेतस्थळावर पुढची माहिती आणि स्क्रीनशॉट भरा.

त्यानंतर लगेच बँक. फोन करा आणि शाखेत लेखीही द्या, पोच घ्या. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७च्या परिपत्रकानुसार तुमची चूक नसताना, बाहेरच्या कुणामुळं पैसे गेले आणि तुम्ही तीन कामाच्या दिवसांत कळवलं तर नुकसान तुमच्यावर पडत नाही. ओटीपी किंवा पिन तुम्ही स्वतः सांगितला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणून चूक झाली असली तरी लपवू नका, कळवा.

पैसे गेले नाहीत पण नावावर सिम, कर्ज, खातं निघालंय, तर पोलिसांत जा. जिल्ह्याचं सायबर पोलीस ठाणं आहे, पण लक्ष्मीपुरी, शाहूपुरी, राजारामपुरी, जुना राजवाडा, जे जवळ असेल तिथंही तक्रार देता येते. दुसऱ्याची ओळख चोरून वापरणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ सी (66C) खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. अर्जात हे कलम लिहा. सोबत क्रेडिट रिपोर्टाचं ते पान, कंपनीशी झालेला पत्रव्यवहार आणि वाद नोंदवल्याचा क्रमांक जोडा. दोन प्रती करा, एकीवर शिक्का मारून घ्या. त्या शिक्क्याच्या प्रतीशिवाय फायनान्सवाले पुढं सरकत नाहीत.

फोन हरवला तर संचार साथीवरच तो सगळ्या नेटवर्कवर बंद करता येतो. त्यासाठी पोलिसांतली तक्रार आणि आयएमईआय नंबर लागतो. स्टार हॅश शून्य सहा हॅश डायल केलं की तो पडद्यावर दिसतो, आजच बघून वहीत लिहून ठेवा. फोन हातात असून अचानक रेंज गेली आणि आसपासच्यांना आहे, तर वाट बघू नका. दुसऱ्या फोनवरून कंपनीला विचारा की आपल्या नंबरचं नवं सिम कुणी काढलंय का, आणि बँकेला व्यवहार थांबवायला सांगा.

एकदा फसलेल्या माणसाला महिन्या-दोन महिन्यांनी आणखी एक फोन येतो. "तुमचे गेलेले पैसे मिळवून देतो, फाइल पुढं सरकवायला एवढी फी भरा." आवाज अधिकाऱ्याचा, तुमची रक्कम आणि तारीख त्याला बरोबर माहीत. राजारामपुरीतल्या एका शिक्षिकेनं त्या दुसऱ्या फोनला पहिल्यापेक्षा जास्त घालवले. १९३० किंवा पोलीस पैसे परत द्यायला फी मागत नाहीत. असा फोन आला तर त्याचा नंबर लिहून घ्या आणि तुमच्या पहिल्याच तक्रारीला जोडा.